बंधाऱ्याचं पाणी आणि दोन शिक्षकांचा एक वर्ग

श्रोतेहो, नमस्कार.

राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची पातळी 39 फुटांवर गेली की इशारा आणि 43 ला धोका, हे कोल्हापुरात शाळकरी पोरालाही पाठ असतं. पण प्रयाग चिखलीतल्या एखाद्या घरात हा आकडा पोचतो कुणाकडून? ग्रामपंचायतीच्या भोंग्यावरून, भावकीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरून, की डेअरीत दूध घालायला गेल्यावर? त्यात जुन्या पुराचा व्हिडिओ फिरायला लागला, तर खरंखोटं कोण ठरवतं? असे प्रश्न नुसत्या संगणकशास्त्राला सुटत नाहीत आणि नुसत्या समाजशास्त्रालाही नाहीत. दोन्हीकडून मिळून ते सोडवणाऱ्या विषयाला सोशल कॉम्प्युटिंग म्हणतात. त्याचा पदवी अभ्यासक्रम आपल्या भागातल्या एखाद्या कॉलेजात सुरू करायचा, तर काय लागेल ते आज पाहू.

कागदोपत्री वाट फार अवघड नाही. कॉलेज स्वायत्त असेल तर त्याच्याच अभ्यासमंडळाची आणि मग विद्यापरिषदेची मंजुरी. नसेल तर विद्यापीठाकडे प्रस्ताव. नव्या शैक्षणिक धोरणानुसार तीन वर्षांच्या पदवीला किमान 120 क्रेडिट लागतात, चार वर्षांच्या ऑनर्सला किमान 160. तासिकेच्या एका क्रेडिटला 15 तास, प्रात्यक्षिकाच्या एका क्रेडिटला 30. म्हणजे दोन क्रेडिट तासिका आणि दोन प्रात्यक्षिक असा चार क्रेडिटचा विषय ठेवला, तर सत्रात 90 तास हाताशी येतात.

घोळ होतो तो त्यानंतर. घाईगडबडीत दोन विभागांचे जुने पेपर एकाखाली एक मांडले जातात: सोमवारी डेटाबेस, मंगळवारी समाजशास्त्राचा परिचय. विद्यार्थी दोन्हीत पास होतो. पण एकाचा दुसऱ्याशी संबंध काय, ते त्याला कुणीच सांगितलेलं नसतं. म्हणून आमचा आग्रह एकच आहे: दर सत्रात निदान एक विषय असा हवा, जो दोन विभागांचे दोन शिक्षक एकाच वर्गात, एकाच वेळी उभे राहून शिकवतात.

का, ते एका उदाहरणातून सांगतो. समजा पुराच्या दिवसांतले 200 मेसेज दोन विद्यार्थ्यांना दिले. प्रत्येकानं स्वतंत्रपणे ठरवायचं, अफवा आहे की नाही. 170 मेसेजवर दोघांचं मत जुळलं. 85 टक्के! ऐकायला छान वाटतं. आता आत बघा. दोघांनीही प्रत्येकी 20 मेसेजना अफवा म्हटलंय आणि त्यांतले समाईक आहेत फक्त 5. बाकीचे बहुतेक मेसेज साधेच असल्यामुळे, तेवढ्याच खुणा न वाचता केल्या असत्या तरी सुमारे 82 टक्के जुळलेच असते. योगायोग वजा करून जुळणी मोजायचं जे माप आहे, कोहेनचा कप्पा, ते इथं जेमतेम 0.17 येतं; पूर्ण जुळलं असतं तर 1 आलं असतं. इथपर्यंत संगणकाचे सर सांगतील. पण बिघडलं कुठं? ‘धरण फुटलं म्हणतात, खरं हाय का?’ हा मेसेज एकानं अफवा धरला, दुसऱ्यानं चौकशी. माणूस घाबरून विचारतो आणि तेच विचारणं पुढे बातमी होऊन फिरतं, हे समाजशास्त्राच्या मॅडम समजावतील. मग व्याख्या पुन्हा लिहायची, पुन्हा 200 मेसेज, पुन्हा कप्पा. हे सगळं एकाच तासात, एकाच फळ्यावर व्हायला हवं.

अडचण वर्कलोडची. सहायक प्राध्यापकाला आठवड्याला 16 तास शिकवायचे असतात. जोडीचा तास वेळापत्रकात एकाच्याच नावावर पडला, तर दुसऱ्याचं येणं ही निव्वळ मेहेरबानी ठरते आणि दुसऱ्या सत्रापर्यंत ते बंद पडतं. तास दोघांच्याही नावावर धरायचा, हे प्रवेश सुरू होण्याआधी लेखी ठरवून घ्या.

संगणकांवर मात्र आधी पैसा ओतू नका. पायथन आणि आर या प्रोग्रामिंगच्या भाषा, आणि कोण कुणाशी जोडलंय याची जाळी काढणारं गेफी, हे सगळं फुकट मिळतं, आणि विद्यार्थ्यांच्या कामाला साधे संगणक पुरतात.

कला शाखेतून येणाऱ्या मुलांना गणिताची धास्ती असते. त्यांचं प्रोग्रामिंग आकड्यांपासून सुरू करू नका, मराठी मजकुरापासून करा. ‘बंधाऱ्यावर’ हाच शब्द घ्या. त्यातला अर्धा र संगणकात दोन तऱ्हांनी साठवला जातो: एक ऱ हे स्वतंत्र अक्षर वापरून, दुसरा साध्या र ला न दिसणारं एक जोडचिन्ह लावून. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण शोध घेतला की एका तऱ्हेचेच मेसेज सापडतात. कारण हातात आलं की सगळे एका रूपात आणायला प्रोग्रामची एक ओळ पुरते. ती ओळ स्वतः लिहिलेल्या मुलीला पुढं मग सांख्यिकी परकी वाटत नाही.

तिसऱ्या वर्षी गावात जायचं. आंबेवाडीत 60 घरं घ्या आणि एकच प्रश्न विचारा: पाणी येणार हे तुम्हाला पहिल्यांदा कुणी सांगितलं? उत्तरांतून कोण कुणाला कळवतं याचं जाळं उभं राहतं. इथं हमखास होणारी चूक म्हणजे एकच माणूस कुणी ‘बापू’ सांगतो, कुणी ‘सरपंचांचा थोरला’, कुणी आडनावानं. जाळ्यात त्याचे तीन ठिपके पडतात आणि गावातला सगळ्यात महत्त्वाचा निरोप्या नकाशावरून गायब होतो. म्हणून त्याच संध्याकाळी, गावातच बसून, प्रत्येक माणसाला एक क्रमांक द्यायचा.

संमतीचा कागद मराठीतच हवा आणि वाचूनही दाखवायला हवा. ग्रुपच्या ॲडमिननं हो म्हटलं म्हणजे सगळ्या सदस्यांनी म्हटलं असं होत नाही. 2023 च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात 18 वर्षांखालच्यांसाठी पालकांची संमती सांगितली आहे. पहिल्या वर्षाला आपल्याच वर्गात 17 वर्षांची मुलं बसलेली असतात, हेही ध्यानात ठेवा.

पूर्ण पदवीची तयारी नसेल, तर हा विषय आधी मायनर म्हणून, म्हणजे मुख्य विषयाच्या जोडीचा दुय्यम विषय म्हणून, सुरू करा: एक वर्ग, 30 विद्यार्थी, निम्मे कला शाखेचे, निम्मे विज्ञानाचे, आणि प्रात्यक्षिकाला प्रत्येक जोडीत दोन्हीकडचा एकेक.

नमस्कार.