सत्तरी पार केलेली बोट आणि पेट्रोलातली दारू

(दृश्य : पहाटेचं धुकं, नदीतून सरकणारं मालवाहू जहाज)

हा समुद्र नाहीये बरं का. ही सेंट क्लेअर नदी, अमेरिकेतलं मिशिगन राज्य, आणि पलीकडचा काठ कॅनडाचा. धुक्यातून सरकतंय ते लोखंडाचं खनिज वाहणारं जहाज, यातली काही तर हजार फूट लांब असतात, आणि त्यांच्या लाटांवर नाचत जायचं म्हणजे आपल्या १८ फुटी लाकडी बोटीला जिवावरचंच काम.

या काठावर ॲल्गोनॅक नावाचं गाव आहे. क्रिस-क्राफ्ट बोटी इथल्याच. क्रिस्टोफर कोलंबस स्मिथ नावाचा माणूस, हो, खरंच हेच नाव, भावाबरोबर बदकांची शिकार करायचा आणि त्यासाठीच्या होड्या स्वतः बनवायचा. त्यातून पुढे कारखाना उभा राहिला, दुसऱ्या महायुद्धात याच कारखान्याने सैनिकांना किनाऱ्यावर उतरवणाऱ्या हजारो बोटी बांधल्या, आणि युद्ध संपल्यावर सुट्टीत पोराबाळांना घेऊन फिरायच्या महोगनीच्या बोटी. पन्नासच्या दशकातली ही 'स्पोर्ट्समन' मॉडेलची बोट त्यातलीच एक.

(दृश्य : वार्निश, क्रोमचं हॅन्डल, त्यात दिसणारं आभाळ)

वार्निश बघा. माझा कॅमेरा तिथेच अडकला होता, तेवढ्यात काका म्हणाले, "वरून काय बघतोस, खाली वाक."

काका मूळचे साताऱ्याचे, डेट्रॉइटला गाड्यांच्या कंपनीत उभं आयुष्य नोकरी करून रिटायर झालेले.

(दृश्य : मागच्या डेकखाली टॉर्चचा उजेड, गंजलेली टाकी)

ही पेट्रोलची टाकी. लोकांचा पहिला प्रश्न असतो की गोड्या पाण्यातल्या बोटीला गंज कसला. गंज बाहेरून नाही, आतून आलाय. इथे ऑक्टोबर ते मे बोट शेडमध्ये पडून असते, टाकी अर्धी रिकामी, व्हेंटमधून, म्हणजे टाकीच्या हवेच्या नळीतून, दमट हवा आत येते, थंडीत तिचं पाणी होतं आणि तळाला बसतं. जुन्या टाक्यांना आतून शिसं-कथलाचा मुलामा असायचा, आपल्या पातेल्यांना कल्हई असते तसाच. तो एकदा उडाला की पत्रा उघडाच.

आणि त्यात हल्लीचं पेट्रोल. इथे पंपावर मिळतं त्यात १० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, म्हणजे सरळ दारू. (भारतात आता २० आहे, तिथल्या जुन्या बुलेटवाल्यांना वेगळं सांगायला नको.) दारू पाणी ओढते. १०० लिटरमागे साधारण अर्धा लिटर पाणी झालं की मिश्रण फाटतं, नासलेल्या दुधासारखं, पाणी आणि दारू खाली, पेट्रोल वर. आणि इंजिनाकडे जाणारी नळी नेमकी तळातूनच ओढते.

(दृश्य : टेबलावर मांडलेले सुटे भाग)

हा टाकीतला गेजचा फ्लोट, म्हणजे पेट्रोलवर तरंगून काट्याला पातळी कळवणारा तुकडा, कॉर्कचा. जुन्या कॉर्कला शेलॅक लावायचे, म्हणजे आपली लाख, आणि ती बहुतेक आपल्या देशातूनच जायची. आता फर्निचरवाले फ्रेंच पॉलिश करायला लाख कशात विरघळवतात? दारूत. तीच दारू टाकीत आली, लाख गेली, कॉर्क भिजून बुडाला, आणि डॅशबोर्डवरचा काटा रिकाम्यावर जाऊन बसला. काका तेव्हापासून लाकडी काठी बुडवून पेट्रोल मोजतात.

हा कार्बोरेटर, इंजिनासाठी पेट्रोल आणि हवा मिसळणारा. आत पांढरी भुकटी दिसतेय ना, ती घाण नाही, धातूच खाल्ला गेलाय. रबरी होज हातात घ्या, चिकट लागतो, दाबला की आतला थर सुटून येतो, आणि हेच तुकडे पुढे जाऊन कार्बोरेटरच्या जेटमध्ये, म्हणजे पेट्रोलच्या बारीक भोकात, अडकतात.

टाकीतलं उरलेलं पेट्रोल उपसतानाचं चित्रण नाहीये. तेव्हा कॅमेरा, मोबाइल, सगळं बंद करून लांब ठेवलं होतं, आणि ते बरोबरच होतं.

(दृश्य : नवी टाकी, साबणाचा फेस, बुडबुडे)

नवी टाकी ॲल्युमिनियमची. सगळी तोंडं वरच्या बाजूला, खाली एकही भोक नाही, म्हणजे सांध्यातून गळून टाकी बोटीत रिकामी व्हायला नको. अगदी कमी दाबाची हवा भरून जोडांवर साबणाचं पाणी मारलं, एका जोडावर बुडबुडे आलेच. खोललं, परत बसवलं. टेफ्लॉन टेप अजिबात नाही हं, तिचे धागे सुटून कार्बोरेटरमध्ये जातात.

नळी तांब्याची, काकांनी स्वतः वाकवली. दोन तुकडे वाया गेले. तांबं एका जागी सारखं वाकवलं किंवा थरथरत राहिलं की कडक होतं आणि मग तडकतं, म्हणून इंजिनाजवळ शेवटचा तुकडा लवचीक होजचा. त्यावर छापलेलं वाचा, यूएस कोस्ट गार्ड, टाइप ए-१. म्हणजे आगीत अडीच मिनिटं टिकणारा.

आणि हा पंप. दिसायला गाडीच्या पंपासारखाच, बोल्टही जुळतात, किंमत मात्र बरीच जास्त. मी विचारलं, मग गाडीचाच का नाही लावायचा? काकांनी जुना पंप उलटा करून बारीक भोक दाखवलं. आतला पेट्रोल ढकलणारा पडदा फाटला तर गाडीचा पंप पेट्रोल या भोकातून खाली सांडतो, गाडीखाली रस्ता असतो, इथे खाली बोटीचा बंद तळ असतो. बोटीच्या पंपाला दोन पडदे. आधीच्या कुणीतरी या बोटीला गाडीचाच लावला होता.

पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, तळाशी साचते, एक ठिणगी पुरते.

(दृश्य : पंख्याचा आवाज, काकांचा हात किल्लीवर)

म्हणून आधी ब्लोअर, म्हणजे तळातली वाफ बाहेर फेकणारा पंखा, पूर्ण चार मिनिटं. मग काका गुडघ्यावर बसून तळाशी नाक नेऊन वास घेतात, हे मशीनवर सोडत नाहीत. इंजिन सहा सिलिंडरचं, ओहायोतल्या हर्क्युलिस कंपनीच्या साच्यातलं. पहिल्यांदा फुरफुरलं, दुसऱ्यांदा नुसतंच फिरलं, तिसऱ्यांदा...

(इंजिनाचा आवाज, निवेदन नाही)

(दृश्य : बोट धक्क्याला परत, डॅशबोर्डचा क्लोजअप)

काटा पाऊण टाकीवर आहे, बरोबर दाखवतोय, टाकीतून पातळी कळवणारा सेंडर नवा आहे. काकांनी काचेवर टिचकी मारून खात्री केली. मग मागे गेले, झाकण उघडलं आणि काठी बुडवून बघितली.