तुंबलेलं छिद्र आणि लेखाशीर्ष ३०५४

श्रोतेहो, नमस्कार. जुन्या पुलांवर सरकारनं पैसा कधी खर्च करायचा आणि तो पैसा नेमका कुठे अडतो, हा आजचा विषय. अर्थसंकल्पाचे आकडे येतील, पण थोडे. कारण या विषयाचं मूळ एका तुंबलेल्या छिद्रात आहे, आणि ते छिद्र दिसावं म्हणून आधी एका पुलाची हकीकत सांगतो.

अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया राज्यात पिट्सबर्ग हे शहर आहे. पोलादाचं शहर म्हणून त्याची जुनी ख्याती. तिथे फ्रिक पार्क नावाच्या मोठ्या उद्यानातून एक दरी जाते. त्या दरीवर १९७३ पासून फर्न हॉलो नावाचा पूल होता. लांबी ४४७ फूट, चार पदरी रस्ता, खाली साधारण शंभर फूट खोली. रोज चौदा हजारांच्या आसपास वाहनं त्यावरून जायची. दोन्ही काठांकडून तिरके पोलादी पाय वर आलेले आणि त्यांवर तुळया, असा त्याचा घाट.

हे पोलाद रंग न लावता वापरायच्या जातीचं होतं. त्यात तांबं, क्रोमियम असे धातू थोड्या प्रमाणात मिसळलेले असतात. त्यामुळे पृष्ठभागावर तपकिरी गंजाचा एक घट्ट थर धरतो आणि तोच थर आतलं पोलाद राखतो. दर काही वर्षांनी रंग काढायचा खर्च वाचतो. पण त्याची एक अट असते. पोलाद भिजलं तर चालतं, मात्र भिजल्यावर ते सुकलं पाहिजे. पुन्हा सांगतो, भिजल्यावर सुकलं पाहिजे. सतत ओलं राहिलं तर राखणारा थर धरतच नाही. नुसता गंज धरतो, पापुद्रे सुटतात आणि पत्रा पातळ होत जातो.

आता पुलाच्या वरच्या रस्त्यावरचं पाणी जायला जाळ्या होत्या. उद्यानातली झाडं, त्यांचा पाचोळा, रस्त्यावरची माती. जाळ्या तुंबल्या. पाणी वाट काढत सांध्यांतून खाली उतरलं, ते थेट त्या तिरक्या पायांवर. हिवाळ्यात बर्फ वितळवायला रस्त्यावर मीठ टाकतात, म्हणजे पाणीही खारं. पायांच्या तळाशी चिखल आणि पाचोळा साचला आणि तो ओला फडका गुंडाळल्यासारखा तिथेच राहिला. पोलाद सुकायचं कुठून?

याची कुणाला कल्पना नव्हती असं नाही. पुलाची नियमित तपासणी व्हायची. २०११ पासून त्याची अवस्था 'खराब' या वर्गात नोंदलेली होती. अहवालामागून अहवाल तेच सांगत होते: जाळ्या साफ करा, पायांवरचा कचरा काढा, गंजलेले भाग दुरुस्त करा. २०१८ मध्ये तिथून फिरायला जाणाऱ्या एका नागरिकानं गंजून तुटलेल्या आडव्या दांडीचा फोटोही महापालिकेला समाजमाध्यमावर पाठवला होता. पुलावर २६ टनांची वजनमर्यादा लिहिलेली होती. अहवाल वेळेवर येत होते आणि वेळेवर फायलीत जात होते.

२८ जानेवारी २०२२. शुक्रवार, सकाळचे सहा वाजून चाळीस मिनिटं झाली असतील. रात्री बर्फ पडलेला, म्हणून शाळा दोन तास उशिरा भरणार होत्या आणि रस्त्यावर गर्दी कमी होती. पुलावर एक लांब जोडबस आणि चार मोटारी होत्या. पूल एका टोकाकडून सुटला आणि अख्खा दरीत बसला. पाचवी मोटार पूल पडल्यावर कडेवरून खाली गेली. पुलाला बांधलेली गॅसची नळी फुटली. बचाव पथकाचे लोक दोर लावून उतरले, हाताला हात धरून साखळी केली आणि माणसांना वर काढलं. काही जण जखमी झाले, पण जीव एकाचाही गेला नाही. शाळा वेळेवर भरली असती तर काय झालं असतं, याचा विचार करायलाही नको.

आणि योग पाहा. त्याच दिवशी अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष बायडन पिट्सबर्गमध्ये येणार होते, पायाभूत सुविधांवरच्या खर्चाबद्दल बोलायला! अडीच महिन्यांपूर्वीच, नोव्हेंबर २०२१ मध्ये, त्यांनी त्यासाठीच्या मोठ्या कायद्यावर सही केली होती. ते आले, आधी पडलेला पूल पाहिला आणि मग भाषण केलं.

तिथल्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळानं दोन वर्षं चौकशी केली आणि २०२४ च्या फेब्रुवारीत निष्कर्ष सांगितला. फोटोतली ती दांडी कारण नव्हती. नैर्ऋत्येकडच्या पायाच्या खालच्या भागात पायाचे भाग एकत्र बांधून ठेवणारी एक आडवी पट्टी होती. ती गंजून खंगली आणि सुटली. तपासणाऱ्यांनी त्या पट्टीला 'ही गेली तर पूल गेला' अशा महत्त्वाच्या भागांत धरलंच नव्हतं. वजनमर्यादेचं गणितही चुकलं होतं. वरच्या डांबराची जाडी हिशेबात धरली होती त्याच्या जवळपास दुप्पट प्रत्यक्षात होती, आणि गंजलेल्या पायांची घटलेली ताकद नीट धरली नव्हती. बरोबर गणित केलं असतं तर २६ टनांची पाटी लावायचा प्रश्नच नव्हता, पूल बंदच करावा लागला असता. मुख्य कारण म्हणून मंडळानं काय लिहिलं? वारंवार आलेल्या देखभालीच्या शिफारशींवर महापालिकेनं काही केलं नाही.

नवा पूल २०२२ च्याच डिसेंबरमध्ये वाहतुकीला खुला झाला होता. खर्च सुमारे अडीच कोटी डॉलर. जाळ्या साफ करायला लागलं असतं ते फावडं, पहार, पाण्याचा टँकर आणि दोन माणसं.

हकीकत लांबली खरी, पण अर्धा विषय तिच्यातच येऊन गेला. उरलेला आपल्याकडचा.

आपल्याकडे राज्याचा रस्ते-पुलांचा पैसा मुख्यतः दोन लेखाशीर्षांतून, म्हणजे अर्थसंकल्पातल्या दोन खात्यांतून, येतो. बांधकाम विभागातला कुणीही 'तीस-चोपन्न' आणि 'पन्नास-चोपन्न' म्हणतो, ती ही दोन. ५०५४ म्हणजे भांडवली खर्च, नवं बांधकाम. ३०५४ म्हणजे महसुली, दरवर्षीचा चालू खर्च, त्यात देखभाल-दुरुस्ती. आता राज्यानं महसुली तूट आटोक्यात ठेवायची असते. पगार, निवृत्तिवेतन आणि व्याज हे महसुली खर्चच, आणि ते थांबवता येत नाहीत. मग कात्री कुठे लागते? तीस-चोपन्नला. शिवाय २०२०-२१ पासून केंद्र सरकार राज्यांना ५० वर्षांच्या मुदतीचं बिनव्याजी कर्ज देतं, पण तेही भांडवली कामांसाठी. म्हणजे जाळी साफ करायला पैसे मागितले तर ती उधळपट्टी दिसते, आणि जाळी तुंबून पूल गेला की नवा पूल ही गुंतवणूक ठरते! हिशेबाच्या वहीत देखभाल चुकीच्या पानावर लिहिली जाते, म्हणून ती दरवर्षी हरते. माझ्या मते सगळा घोळ इथेच आहे. नुसता निधी वाढवून तो सुटणार नाही. मोठ्या पुलांच्या देखभालीसाठी वेगळी, दुसरीकडे वळवता न येणारी तरतूद हवी.

सावित्रीचा पूल आठवा. महाडजवळचा, १९२८ चा दगडी कमानींचा. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री पुरात गेला, दोन एसटी बस आणि इतर वाहनांसकट. त्या जागी नवा पूल १६५ दिवसांत उभा राहिला. यंत्रणा, पैसा, माणसं, सगळं होतं. ते पूल पडल्यावर हललं.

खर्च कसा चढतो, याचा एक जुना ठोकताळा आहे. डी सिटर नावाच्या अभियंत्यानं १९८४ मध्ये काँक्रीटबद्दल मांडलेला. बांधतानाच नीट केलं तर एक रुपया. खराबी सुरू होण्याआधी देखभाल केली तर पाच. खराबी सुरू झाल्यावर दुरुस्ती, पंचवीस. आणि सगळीकडे पसरल्यावर सव्वाशे. आकडे काटेकोर नाहीत, चढण मात्र खरी आहे. यात वाहतूक वळवण्याचा भुर्दंड धरलेलाच नाही. अंधेरीचा गोखले पूल नोव्हेंबर २०२२ मध्ये बंद झाला आणि त्याची पहिली बाजू फेब्रुवारी २०२४ मध्ये उघडली. तेवढे महिने पूर्व-पश्चिम जाणाऱ्यांनी जाळलेलं डिझेल कुठल्याही अंदाजपत्रकात दिसत नाही.

आता प्रत्यक्षात काय बिघडतं ते सांगतो. पहिलं, पाण्याचे नळ. पुलाच्या कडेला ठरावीक अंतरावर भोकं असतात, पावसाआधी ती मोकळी हवीत. हे काम पूर्वी मैलकुली करायचे. त्यांच्याकडे ठरलेला टापू असायचा आणि कुठलं भोक दर वर्षी तुंबतं ते त्यांना पाठ असायचं. ते पद आता जवळपास नामशेष झालं, आणि हे फार वाईट झालं असं माझं मत आहे.

दुसरं, डांबराचे थर. जुना थर न खरवडता वर नवा थर चढवतात. एकेक थर चार सेंटिमीटरचा धरा. पाच थरांनी वीस सेंटिमीटर. तीस मीटरचा गाळा, म्हणजे दोन खांबांमधला भाग, आणि साडेसात मीटर रुंदी, म्हणजे ४५ घनमीटर डांबर. वजन शंभर टनांहून जास्त! पुलावर कायमची बसलेली शंभर टनांची गाडीच ती. शिवाय त्याच थरांखाली नळांची तोंडं बुजतात आणि गाळ्यांमधले एक्स्पान्शन जॉइंट, म्हणजे हलायला मोकळे ठेवलेले सांधे, गाडले जातात. उन्हात पूल प्रसरण पावतो, सांधा हलायला जागा मागतो, वरचं डांबर फाटतं, आणि त्या फटीतून पाणी खाली, गाळा खांबावर ज्यांवर टेकतो त्या बेअरिंगवर. तेव्हा आधी खरवडा, मग तेवढाच थर घाला.

तिसरं, सळई. काँक्रीटमध्ये पाणी शिरलं की सळई गंजते आणि गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो. आतून दाब येतो आणि काँक्रीटचं कवच फुटून पडतं. खालून पाहिल्यावर तपकिरी ओघळ दिसला की काम सुरू झालंय असं समजा. नुसतं वरून प्लास्टर मारून चुना फासणं म्हणजे गंज झाकून ठेवणं.

चौथं, पिंपळ. दगडी पुलांच्या सांध्यात तो हमखास उगवतो. नुसता छाटला तर दुप्पट जोमानं येतो, मुळं काढून सांधा पुन्हा भरावा लागतो. तोडायला गेलं की गावकरी अडवतात, देवाचं झाड म्हणून. पिंपळ पाराला शोभतो, पुलाच्या कमानीला नाही. आणि त्याच पुलांना रंगीबेरंगी दिवे लावायला मात्र सगळे तयार! त्या दिव्यांच्या वायरींसाठी कठड्यात भोकं पाडतात, त्यातूनही पाणी शिरतं. असो.

पाचवं, आणि हे वरून दिसत नाही: पायाजवळची माती. पुराच्या वेगानं खांबाभोवतीची वाळू खरवडून जाते. पूर ओसरला की तो खड्डा गाळानं पुन्हा भरतो, त्यामुळे उन्हाळ्यात सगळं ठीक दिसतं. वाळूउपशानं नदीचा तळ खाली गेला असेल तर धोका आणखी. म्हणून पावसाआधीच्या पाहणीइतकीच पावसानंतरची पाहणी महत्त्वाची, आणि तीही पाण्यात उतरून, खोली मोजून.

तुम्ही पुलावरून जाता तेव्हा कठड्याच्या टोकाला रंगवलेला क्रमांक पाहा, उदाहरणार्थ ८७/२. म्हणजे ८७ व्या किलोमीटरमधला दुसरा पूल किंवा मोरी. तक्रार देताना 'गावाजवळचा पूल' असं लिहू नका, हा क्रमांक लिहा. तपकिरी ओघळ, तुंबलेला नळ, उघडी पडलेली सळई, यातलं जे दिसेल ते कुठल्या बाजूला आणि कितव्या गाळ्यात, तेही लिहा. राष्ट्रीय महामार्ग असेल तर १०३३ वर फोन करा. राज्यमार्ग असेल तर बांधकाम विभागाच्या उपविभागीय कार्यालयात लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. पोच असली की उत्तर मागता येतं, आणि तीस-चोपन्नमधून पैसे मागताना उपअभियंत्यालाही तो अर्ज जोडता येतो.