कोनच्या नाकासमोर डोळा

नमस्कार श्रोतेहो. सोलापुरात आणि आसपासच्या गावांत घरी शिलाई मशीन चालवणाऱ्या बहिणींनो, भावांनो, आज मला तुमच्याशी दोऱ्याच्या स्टँडविषयी बोलायचं आहे. खाली जड बैठक, तिच्यावर कोन, म्हणजे दोऱ्याचं शंकूच्या आकाराचं मोठं रीळ, बसवायची खुंटी, शेजारी उभी दांडी आणि दांडीच्या टोकाला दोरा ओवायचा डोळा. इतकीच ही वस्तू. पण तिच्यावाचून माझा एक अख्खा मे महिना वाया गेला, म्हणून तिथूनच सुरुवात करते.

गणवेशाचं काम या शहरात किती चालतं ते तुम्हाला सांगायला नको. जूनमध्ये शाळा उघडायच्या आत मला शर्टाच्या खिशावरचे बिल्ले भरून द्यायचे होते. २०० नग. मशीन भरतकामाचं, घरगुती, मिनिटाला ६०० टाके घालणारं. दोरा रेयॉनचा, मोठ्या कोनवरचा. तो कोन मशीनच्या खुंटीवर बसेना, म्हणून मी तो मागे एका स्टीलच्या वाटीत ठेवला आणि दोरा तिरका ओढून घेतला. दर चार-पाच मिनिटांनी दोरा तुटायला लागला. सुई बदलली, तरी तेच. वरच्या दोऱ्याचं टेन्शन, म्हणजे ताण, सैल केलं, तर कापडाच्या उलट बाजूला दोऱ्याचे फासे जमायला लागले. दोराच खराब आहे असं धरून मी दुसरा आणला. तोही तुटला.

अण्णा, म्हणजे माझे वडील, पॉवरलूमच्या कारखान्यात वार्पिंगवर होते, म्हणजे मागासाठी उभं सूत बीमच्या मोठ्या रुळावर गुंडाळायचं काम. बीम भरण्यात त्यांची उमर गेली. ते शेजारी येऊन बसले. मशीनकडे त्यांनी पाहिलंच नाही, कोनकडे बघत राहिले. मग म्हणाले, "आधी पंखा बंद कर."

पंखा बंद केल्यावर मला दिसलं. रेयॉन गुळगुळीत असतो. वाऱ्यानं त्याचे वेढे कोनवरून घसरत होते, वाटीच्या तळाशी जमत होते आणि कोनच्याच बुडाखाली अडकत होते. मशीन ओढत होतं, कोन सोडत नव्हता. तुटण्याचं कारण सुईत नव्हतं, टेन्शनमध्येही नव्हतं. ते मशीनच्या मागे, हातभर अंतरावर होतं.

शहराच्या पूर्व भागातल्या ज्या श्रोत्यांच्या घरी लूम आहे, त्यांनी वार्पिंगची क्रील, म्हणजे कोन लावायची चौकट, पाहिलेली आहे. ओळीनं कोन लावलेले असतात आणि प्रत्येक कोनच्या नाकासमोर, अगदी मधोमध, चिनीमातीचा एक डोळा असतो. सूत कोनभोवती गरगरत सुटतं, त्या डोळ्यात येऊन शांत होतं आणि मग पुढे सरळ जातं. आपलं स्टँड म्हणजे त्याच क्रीलमधला एक कोन, फक्त उभा केलेला. अण्णांनी त्या दिवशी हँगरची तार वाकवली, तिच्या टोकाला वेटोळं केलं, फळीच्या तुकड्यात तार ठोकली, आणि उरलेले बिल्ले त्याच्यावर झाले.

तुम्ही विकतचं स्टँड घ्या किंवा घरी करा, डोळा मात्र कोनच्या बरोबर माथ्यावर हवा. बोटभरही बाजूला नको. बाजूला गेला की दोरा प्रत्येक फेऱ्यात कोनच्या कडेला घासतो आणि ताण कमी-जास्त होत राहतो. उंची कोनच्या निदान अडीच पट धरा. कोन सहा इंचांचा असेल तर डोळा बैठकीपासून पंधरा इंचांवर. कोनच्या बुडाशी फोमची चकती ठेवा, म्हणजे घसरलेला वेढा खाली शिरत नाही. रेयॉन फारच घसरत असेल तर जुन्या नायलॉनच्या मोज्याचा तुकडा कोनवर चढवा, पण सैल. आवळून बसला तर तोच अडथळा होईल. स्टँड मशीनच्या मागे, थोडं उजवीकडे ठेवा. आणि पंखा? आपल्याकडच्या उन्हाळ्यात पंखा बंद करून काम करा, असं मी तुम्हाला सांगणार नाही. पंख्याचं तोंड फिरवा, किंवा मध्ये पुठ्ठा उभा करा.

आता एक गोष्ट नीट ऐका, कारण इथे पुष्कळ जण फसतात. सगळीच रिळं स्टँडवर लावायची नसतात. रेडिओवरून मला दाखवता येत नाही, म्हणून घरातलं लाटणं घ्या आणि त्याच्यावर रिबन गुंडाळा, एकाशेजारी एक वेढे. आता लाटणं उभं धरून रिबन टोकाकडून वर ओढा. तिला पीळ पडत जाईल, प्रत्येक वेढ्याला एक. मग लाटणं फिरू देत रिबन बाजूनं सोडवा. ती सपाट येईल. ज्या रिळावर दोरा असा सरळ, समांतर गुंडाळलेला असतो, ते रीळ फिरायला हवं. ते मशीनच्या उभ्या खुंटीवरच बरं. ज्याच्यावर दोरा तिरपा, एकमेकांना छेदत जाणाऱ्या फुल्यांसारखा दिसतो, तो कोन स्टँडवर. तो वरूनच सुटण्यासाठी गुंडाळलेला असतो.

जरीच्या दोऱ्याला हे सगळ्यात जास्त लागू. ब्लाउजच्या बाहीवर भरायचा चमकता मेटॅलिक दोरा म्हणजे गाभ्याभोवती गुंडाळलेली पातळ चकचकीत पट्टी. त्याला जादा पीळ पडला की गाठीसारखा आकडा येतो आणि तो सुईच्या नेढ्यात अडकतो. सरळ गुंडाळलेलं जरीचं रीळ असेल तर पुठ्ठ्याच्या खोक्यातून विणकामाची सुई आडवी घाला, तिच्यात रीळ ओवा आणि खोकं मशीनपासून हातभर लांब ठेवा. रीळ फिरत राहतं, आणि तेवढ्या अंतरात दोऱ्याचे आकडे उलगडतात. सुई ९० नंबरची, मोठ्या नेढ्याची लावा आणि मशीन हळू चालवा.

दोरा ओवताना दाबपट्टी, म्हणजे फूट, वर असू द्या, तरच तो टेन्शनच्या चकत्यांमध्ये बसतो. रंग बदलताना दोरा कोनजवळ कापा आणि सुईच्या बाजूनं ओढून काढा. मागे ओढलात तर त्याच्याबरोबर कचरा चकत्यांत जातो. कापडाच्या कडा शिवणारं ओव्हरलॉक मशीन असणाऱ्यांनी मागची, दोऱ्याच्या डोळ्यांची सरकती दांडी पूर्ण वर ओढली आहे ना, तेवढं बघावं. अर्धवट दांडीवर मशीन चालवणारे मी खूप पाहिले आहेत.

घरी तारेचं स्टँड केलंत, तर त्याच्या डोळ्यातून कापसाचा बोळा फिरवून बघा. एखादा तंतू जरी तारेला अडकला, तरी तिथे बारीक पॉलिश पेपर मारा आणि पुन्हा कापूस फिरवा. कापूस मोकळा निघाला की दोरा ओवा. नमस्कार.