आभाळातली वहिवाट

[दृश्य : वर्धा जिल्ह्यातलं शिवार. रात्र. मोटारपंपाचा आवाज.]

शेतीची लाइन या आठवड्यात रात्रीची. हरभऱ्याला ओलित चालू आहे, आणि रोही शिरतात म्हणून जागलही. वर दहा-अकरा किलोमीटरवरून एक लुकलुकता दिवा पूर्वेकडे सरकतो.

"कुठचं इमान व्हय बाप्पा?"

असेल आखातातून निघालेलं. पण परदेशी विमानाला आपल्या शिवारावरून जाऊ कोण देतं?

सातबारा जमिनीचा, आभाळाचा मालक देश. देशादेशांतल्या विमान वाहतुकीचा जो शिकागो करार, त्याचं पहिलंच कलम हे सांगतं. ७ डिसेंबर १९४४, महायुद्ध अजून संपलेलं नव्हतं, आणि ५२ देशांनी सह्या केल्या. भारत पारतंत्र्यात होता, तरी सही त्याच्याही नावाने झाली. सगळी बोलणी पाच-सहा आठवड्यांत आटोपली. आपल्याकडे एका वहिवाटीचा दावा याहून जास्त दिवस तहसीलमध्ये पडून असतो!

आणि हीसुद्धा वहिवाटच. नियमित प्रवासी विमानाला दुसऱ्याच्या आभाळात परवानगीशिवाय शिरता येत नाही. म्हणून शिकागोतच आणखी एक करार झाला : वरून जाऊ द्यायचं, आणि इंधन किंवा दुरुस्तीपुरतं उतरू द्यायचं. भारत त्यात आहे, रशिया नाही. कॅनडा १९८८ मध्ये बाहेर पडला. वाट फुकट नाही. भारतीय विमानतळ प्राधिकरण तिचं शुल्क घेतं.

नियम ठरवते मॉन्ट्रियलची आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटना. सदस्य १९३. वैमानिकाचा परवाना, धावपट्टी, अपघाताची चौकशी, सगळ्याचे मापदंड तिचे. पण तिच्याकडे पोलीस नाहीत. एप्रिल २०२५ मध्ये भारत-पाकिस्तानने एकमेकांच्या विमानांना आभाळ बंद केलं, तेव्हा दिल्लीहून युरोपला जाणाऱ्या आपल्या विमानांना लांबचा वळसा पडला.

[दृश्य : नागपूर, सोनेगाव विमानतळ. बॅगांना दोऱ्या बांधणारी पोरं.]

गावातली पोरं इथूनच शारजा-दोह्याला कामाला जातात. त्यांच्या उपयोगाचा करार वेगळा : १९९९ चा मॉन्ट्रियल करार, भारत त्यात २००९ मध्ये आला. प्रवाशाला इजा झाली, सामान हरवलं, तर विमान कंपनीची जबाबदारी किती, ते त्यात लिहिलंय. मुदतीही आहेत. बॅग फुटलेली मिळाली तर सात दिवसांत लेखी तक्रार. उशिरा मिळाली तर हाती आल्यापासून एकवीस दिवसांत. तोंडी सांगून भागत नाही. बॅगेच्या टॅगची पावती तोवर खिशातच ठेवायची.