टाकीचं झाकण आणि पार्किंगमधली पाटी

श्रोतेहो, नमस्कार.

अपार्टमेंटमध्ये शिरलं की जिन्याशेजारी, मीटरच्या पेट्यांच्या वर एक पाटी दिसते. "भाडेकरूंनी पार्किंगमध्ये गाडी दुरुस्त करू नये." कुठे ती रंगवलेली असते, कुठे प्लॅस्टिकच्या पाकिटात घातलेला कागद असतो. विजापूर रोडला बघा, होटगी रोडला बघा, आमच्या जुळे सोलापुरात बघा, मजकूर थोड्याफार फरकाने हाच. आज मला या पाटीबद्दल बोलायचं आहे. माझं म्हणणं आधीच सांगून ठेवतो, म्हणजे मध्येच कुकरची शिट्टी झाली आणि उठावं लागलं तरी चुकामूक नको. "गाडी दुरुस्त करू नये" हे मला बऱ्याच अंशी पटतं. "भाडेकरूंनी" हा शब्द पटत नाही. अजिबात पटत नाही.

हे मी बाहेरून बोलत नाही. अशी एक पाटी माझ्या स्वतःच्या अक्षरात लिहिलेली होती. ती मी का लिहिली आणि का उतरवली, तेच सांगतो.

तेव्हा मी आमच्या सोसायटीचा सचिव होतो. सोळा फ्लॅटची इमारत, खाली खांबांवरचं पार्किंग, आणि पार्किंगच्या मधोमध फरशीखाली पाण्याची टाकी. सोलापूरकरांना टाकीचं महत्त्व मी काय सांगणार? उजनी धरणाचं पाणी नळाला चार-पाच दिवसांनी येतं. ते आलं की मोटार लावायची, टाकी भरून घ्यायची आणि पुढची पाळी येईपर्यंत पुरवायची. टाकी म्हणजे घरातला धान्याचा कणगाच. आणि आपल्याकडे बहुतेक इमारतींत हा कणगा नेमका गाड्यांच्या चाकांखाली असतो. हे लक्षात ठेवा. टाकी गाड्यांखाली असते.

दुसऱ्या मजल्यावर एक अण्णा भाड्याने राहायचे. अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात जॉबर होते. यंत्रमागावर ज्यांच्या घरचं कुणी कामाला आहे त्यांना जॉबर म्हणजे काय हे माहीत आहे. विणकर माग चालवतो, आणि माग अडला, कापडात दोष आला की जॉबर धावतो. हातात पाना, खिशात चिंधी, कान मागाच्या आवाजाकडे. अण्णांच्या घरात तेलुगू, कारखान्यात तेलुगू आणि मराठी, आणि आमच्याशी अस्सल सोलापुरी. जुनी शंभर सीसीची मोटारसायकल होती त्यांची. रोज एमआयडीसीला जाऊन-येऊन ती टिकवली होती त्यांच्याच हातांनी. सुट्टीच्या दिवशी सकाळी खाली येऊन चेन धुवायची, प्लग घासायचा, क्लचची केबल ताणून घ्यायची. आमची मुलं भोवती उकिडवी बसून बघायची. मला ते फार आवडायचं. आताच्या मुलाला मोबाईलचं सगळं येतं, पण सायकलची उतरलेली चेन चढवता येत नाही, आणि दाखवणारं माणूसही घरात उरलेलं नाही. असो, विषय तो नाही.

मे महिना होता. पारा त्रेचाळीसच्या पुढे. मंगळवारी संध्याकाळी नळाला पाणी आलं, टाकी काठोकाठ भरली. बुधवारी दिवसभर काही नाही. गुरुवारी सकाळी तळमजल्यावरच्या काकूंनी तांदूळ धुवायला घेतले आणि हाक मारत बाहेर आल्या, "अहो, पाण्याला डिझेलचा वास येतोय!" आम्ही धावलो. झाकण उघडून बॅटरी मारली, तर पाण्यावर सप्तरंगी तवंग. दहा हजार लिटरची टाकी, मे महिना, आणि पुढचं पाणी यायला अजून तीन दिवस. सगळी टाकी उपसून टाकावी लागली आणि टँकर मागवावा लागला. ते पाणी गटारात जाताना आमच्या इमारतीतल्या म्हाताऱ्या आजी गॅलरीतून बघत होत्या. त्यांच्या डोळ्यांना पाणी आलं होतं. घागर घागर पाण्यासाठी ज्यांनी आयुष्य काढलं त्यांनाच ते कळतं.

दोष कुणाचा, यावर चर्चासुद्धा झाली नाही. बुधवारी पहाटे अण्णा चेन धुताना दोघा-तिघांनी पाहिलं होतं. स्टीलच्या वाटीत डिझेल, हातात जुना टूथब्रश. चेनचा चिकटा डिझेलने निघतो, बरेच गाडीवाले तसंच करतात. पण त्या दिवशी कुणाला काही ऐकायचं नव्हतं. फ्लॅटचे मालक पुण्यात राहतात, त्यांना फोन गेला, माणूस खाली करा म्हणून. आणि त्याच रात्री मी मार्करने ती पाटी लिहिली. भाडेकरूंनी पार्किंगमध्ये गाडी दुरुस्त करू नये. लिहिताना मला वाटलं, आपण आपलं कर्तव्य करतोय.

शनिवारी रात्री दहाला, पाळी संपवून, अण्णा माझ्या दारात उभे. घरातसुद्धा आले नाहीत. म्हणाले, "साहेब, डिझेल माझंच की ओ. सांडलं होतं थोडं, चिंधीनं पुसलो, पूर्ण निघालं नसंल. नाही म्हणत नाही. टँकरचे पैसे देतो. पण मी चेन धुतलो त्या कोपऱ्यातल्या खांबापाशी. झाकण तिथनं वीस फूट. डिझेल काय चालत गेलं का?"

मी काय बोलणार? तेच पुढे म्हणाले, आणि हे वाक्य मी आजपर्यंत शंभर जणांना सांगितलं असेल. "टॉवेलला एकाच जागी रेघ यायला लागली, तर विणकराला शिव्या देऊन रेघ जात नाही. माग थांबवायचा, आणि धागा हातात धरून मागं मागं जायचं. चला खाली."

आम्ही खाली गेलो. त्यांनी तांब्याभर पाणी घेतलं, चेन धुतली होती तिथे ओतलं. पाणी थोडं पसरलं आणि तिथेच थांबलं. झाकणाकडे गेलं नाही. मी म्हटलं, झालं, म्हणजे तुमचं डिझेल नव्हे. ते म्हणाले, थांबा, घाई करू नका. मग ते बादली भरून वरच्या अंगाला गेले, जिथे आमच्या एका सभासदाची मोटार उभी असायची. ती रोज सकाळी पाईप लावून धुतली जायची, भरपूर शाम्पू, भरपूर पाणी. अण्णांनी तिथे बादली ओतली. पाणी निघालं, फरशीच्या उतारावरून खांबाला वळसा घालून सरळ टाकीच्या झाकणाशी आलं. झाकणाच्या चौकटीचा एक कोपरा फुटलेला होता, दोन बोटं जातील एवढा. त्या फटीतून पाणी आत पडताना आवाज आला. रात्रीच्या शांततेत आम्हा दोघांना तो स्पष्ट ऐकू आला.

श्रोतेहो, आता विचार करा. डिझेल अण्णांचं होतं, ते खांबापाशी सांडलं होतं. पण ते टाकीत नेलं मोटार धुण्याच्या पाण्याने. आणि आत जाऊ दिलं त्या फुटक्या चौकटीने, जी दुरुस्त करायचं काम माझं होतं, सचिवाचं. वर्षभर तो कोपरा फुटका होता. म्हणजे वर्षभर रोज सकाळी टायरचा चिखल आणि शाम्पूचं पाणी आमच्या पिण्याच्या टाकीत उतरत होतं. सोळा घरं ते पीत होती. डिझेलला वास होता म्हणून कळलं. साबणाच्या पाण्याला वास नव्हता म्हणून कळलं नाही. डिझेल पेट्रोलसारखं पटकन उडून जात नाही, पाण्यावर तरंगत राहतं, म्हणून काकूंच्या नाकाला ते लागलं. नाहीतर आम्ही अजूनही तेच पाणी पीत असतो.

मी रात्रीच पाटी काढली. रविवारी सगळ्यांना खाली बोलावून अण्णांनी तोच तांब्या आणि तीच बादली पुन्हा ओतून दाखवली. मोटारवाले सभासद बराच वेळ गप्प उभे होते, मग म्हणाले, उद्यापासून बादली आणि फडकं. चौकट अर्धी वीट उंच बांधून घेतली, वर घट्ट बसणारं झाकण केलं. टँकरचा खर्च सोळा जणांत वाटला. अण्णा सगळा द्यायला तयार होते, आम्ही घेतला नाही.

आता नियमाचं थोडक्यात सांगतो, कारण बरेच जण विचारतात.

पार्किंगमध्ये काही कामं खरोखरच करू नयेत. कुणीच करू नयेत. कार्ब्युरेटर खोलणं, पेट्रोल काढणं-घालणं नको. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती फरशीलगत पसरते, आणि आपल्याकडे पार्किंगमध्येच विजेचे मीटर आणि पाण्याच्या मोटारीचा स्टार्टर असतो. एक ठिणगी पुरते. इंजिन ऑईल बदलणं नको. वापरलेलं ऑईल केंद्राच्या 2016 च्या कचऱ्याच्या नियमांप्रमाणे घातक कचऱ्यात मोडतं, ते गटारात ओतायचं नाही, गॅरेजवर नेऊन द्यायचं. बंदिस्त पार्किंगमध्ये इंजिन चालू ठेवून आवाज ऐकत बसायचं नाही, कारण त्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साईडला रंगही नाही आणि वासही नाही. आणि बॅटरी उघडायची नाही, आत गंधकाचं आम्ल असतं. पुन्हा सांगतो: पेट्रोल नको, ऑईल नको, बंद जागेत चालू इंजिन नको, बॅटरी नको.

पण प्लग साफ करणं, केबल ताणणं, आरसा बसवणं, हवा भरणं, पंक्चर झालेलं चाक उतरवून नेणं, यात कुणाचं काय जातं? सकाळी सहाच्या पाळीला एमआयडीसी गाठायची आहे, गाडी सुरू होत नाही, अशा माणसाला पाना हातात घेऊ नको म्हणणं म्हणजे त्याचा एक रोज बुडवणं. 2020 च्या एप्रिलपासून गाड्यांच्या धुराचा बीएस-6 हा नवा निकष आला, नव्या गाड्यांत कार्ब्युरेटर जाऊन पेट्रोलचं इंजेक्शन आलं, त्यामुळे घरी करण्यासारखं काम तसंही कमी झालंय. ग्राहक मंत्रालयाने 2022 मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी एक पोर्टल काढलं, कंपन्यांनी सुटे भाग आणि माहिती द्यावी म्हणून. दिल्लीत दुरुस्तीचा हक्क बोलला जातो, आणि आपल्या जिन्याखाली पाना दिसला की भांडण होतं, हे मला बरोबर वाटत नाही.

कायद्याचं म्हणाल तर पार्किंगची जागा सोसायटीच्या ताब्यातली, त्यामुळे ती कशी वापरायची हे ठरवण्याचा अधिकार सोसायटीला आहे, 1960 च्या सहकारी संस्था कायद्याखाली आणि उपविधींप्रमाणे, म्हणजे सोसायटीच्या स्वतःच्या लेखी नियमांप्रमाणे. खांबांवरच्या इमारतीखालचं पार्किंग स्वतंत्र गाळा म्हणून बिल्डरला विकता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्येच सांगितलं आहे. म्हणजे तिथली फरशी सगळ्यांची. नियम करायचा तर सर्वसाधारण सभेत करा, एकट्या सचिवाने रात्री मार्कर घेऊन करू नये. मी केला होता, म्हणून सांगतो. भाडेकरूंनी आपला करारनामा वाचावा. 1999 च्या भाडे नियंत्रण कायद्याप्रमाणे तो लेखी आणि नोंदणीकृत असायला हवा, आणि नोंदणी करून घेण्याची जबाबदारी घरमालकाची आहे. गाडी कुठे लावायची, काय करायचं नाही, हे त्यातच लिहून घेतलं तर पुढचे फोन वाचतात. आणि पाटी लिहायची तर वाचता येईल अशा भाषेत लिहा. आपल्या गावात एका जिन्यात मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दू नांदते, आणि काही जण पाट्या मात्र इंग्रजीत लावतात. ज्याला पाळायचं आहे त्याला कळायला नको का?

आमच्या सोसायटीची पाटी आता अशी आहे: "पेट्रोल, ऑईल, बॅटरीचं काम आवारात कुणीही करू नये. किरकोळ काम फाटकाजवळच्या कोपऱ्यात, खाली पत्र्याचा ट्रे ठेवून, सकाळी नऊ ते एक. गाडी पाईपने धुऊ नये. सभासद व भाडेकरू, सर्वांसाठी." खाली तेलुगूत तेच. तेलुगू अण्णांनी लिहून दिलं. पुढच्या वर्षी मालकांनी फ्लॅट विकला, अण्णा कुंभारीकडे राहायला गेले. त्यांचा पत्र्याचा ट्रे त्यांनी नेला नाही, खांबाला टेकवून ठेवून गेले. तो आम्ही वापरतो.

आज संध्याकाळी गाडी लावायला खाली जाल तेव्हा एक तांब्या पाणी बरोबर घ्या. पार्किंगच्या उंच अंगाला ओता आणि ते कुठे जातं ते बघत उभे राहा. टाकीच्या झाकणाकडे गेलं, तर उद्या गवंड्याला बोलवा. नमस्कार.