कोणत्या पिकानं पैसे दिले?

नमस्कार श्रोतेहो.

शेती करणाऱ्या कुणालाही विचारा, गेल्या वर्षी हातात किती पैसे आले? आकडा बऱ्यापैकी बरोबर सांगतील. देणं किती आहे तेही सांगतील, कारण देणं कुणी विसरत नाही. पण याच माणसाला विचारा, की त्यातले किती पैसे फळबागेनं दिले, किती धान्यानं आणि किती दुभत्या जनावरांनी? इथं तो थांबतो आणि अंदाज सांगतो. पुढच्या हंगामात काय वाढवायचं, काय कमी करायचं, हे मग त्या अंदाजावर ठरतं.

शेतकऱ्यांना हिशेबाचं सॉफ्टवेअर कसं शिकवावं, हा आजचा विषय. माझं म्हणणं एवढंच आहे, की शिकवणीची सुरुवात या प्रश्नापासून करावी, सॉफ्टवेअरच्या पहिल्या पडद्यापासून नव्हे. होतं काय, की शिकवणारा येतो आणि ‘नवीन कंपनी तयार करा’ इथून सुरू करतो. मग जमा-नावेचे नियम, मग व्हाउचरचे, म्हणजे नोंदीच्या चिठ्ठीचे प्रकार, मग बिलाचा नमुना. दोन-तीन बैठकींत निम्म्या खुर्च्या रिकाम्या होतात, आणि शिकवणारा म्हणतो, शेतकऱ्यांना यात रसच नाही. रस असतो. पण ज्यासाठी ते आले, ते अजून आलेलंच नसतं.

मुळात ही सॉफ्टवेअरं बहुतेक दुकानदारीच्या चालीनं बांधलेली असतात. माल आला, माल गेला, बिल फाटलं, पैसे आले. शेतीत पैसे आधी कित्येक महिने जातच राहतात. फळबागेत तर काही वर्षं नुसता खर्चच असतो. हिशेबाचं वर्ष संपतं तेव्हा पीक शेतात अर्धं उभं असतं. आणि एकच ट्रॅक्टर, एकच पंप, तेच मजूर सगळ्या पिकांवर फिरतात. म्हणून शेतकऱ्याला पहिल्याच बैठकीत दाखवायची गोष्ट कोणती, तर खर्चाची नोंद करताना तिला पिकाचं नाव कसं जोडायचं ती. टॅली नावाच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये त्याला कॉस्ट सेंटर म्हणतात, क्विकबुक्स नावाच्या दुसऱ्यात क्लास. ग्नूकॅश नावाचं मोफत सॉफ्टवेअर आहे, त्यात हेच काम उपखाती उघडून भागवता येतं. दुकानदार ही सोय बऱ्याचदा वापरतही नाही. शेतकऱ्यानं सॉफ्टवेअर घ्यायचं ते मुख्यतः हिच्यासाठी.

मग लगेच प्रश्न येतो, डिझेल कोणत्या पिकावर टाकायचं? टाकी एकदा भरली, ट्रॅक्टर तीन ठिकाणी फिरला. इथं वर्गात खूप वाद होतो, आणि तो होऊ द्यावा. कुणी म्हणतं क्षेत्राप्रमाणे वाटा, कुणी म्हणतं ट्रॅक्टरच्या तासांप्रमाणे. पंपाची वीज असेल तर पाणी दिल्याच्या पाळ्यांप्रमाणे वाटणं अधिक रास्त. तंतोतंत न्याय कुठल्याच पद्धतीत नाही. एक नियम धरावा, वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावा आणि वर्षभर तोच पाळावा. रोजच्या रोज वाटणीही करायची गरज नाही. ‘सामाईक’ नावाखाली खर्च साठवायचा आणि हंगामाच्या शेवटी एकदाच वाटून टाकायचा.

खर्चाची खाती कमी ठेवायची. बियाणं-रोपं, खतं, औषधं, मजुरी, इंधन, दुरुस्ती, वाहतूक, जमिनीचं भाडं, व्याज आणि ‘किरकोळ’. एवढ्यावर पुष्कळांचं भागतं. ‘किरकोळ’ची रक्कम फुगायला लागली, की त्यातून एक नवं खातं वेगळं काढावं. पहिल्याच दिवशी चाळीस खाती उघडून देणारा शिक्षक भेटला तर त्याला विनयानं थांबवावं.

आता जमा आणि नावे. इटलीत लुका पाचोली या धर्मगुरूनं १४९४ साली व्हेनिसमध्ये छापलेल्या गणिताच्या ग्रंथात दुहेरी नोंदीची पद्धत मांडली, आणि आजची हिशेबाची बहुतेक सॉफ्टवेअरं त्याच पायावर उभी आहेत. प्रत्येक व्यवहार दोन खात्यांत. पण ही दुसरी बाजू आता बहुतेक वेळा सॉफ्टवेअर स्वतःच मांडतं. ‘बँकेतून खतासाठी पैसे दिले’ एवढं सांगितलं, की काम झालं. म्हणून जमा-नावेचे नियम पाठ करून घेण्यात सुरुवातीचे तास घालवू नयेत. त्याऐवजी तीन-चार गोष्टी नीट पोचवाव्यात, कारण शेतीच्या हिशेबातल्या मोठ्या चुका तिथंच होतात.

कर्ज खात्यावर आलं म्हणजे उत्पन्न झालं असं नाही. हप्ता भरला म्हणजे सगळा खर्च झाला असंही नाही. त्यातलं व्याज तेवढा खर्च, मुद्दल म्हणजे आपणच घेतलेलं परत केलं. हे बोलायला सोपं वाटतं, पण मोठं कर्ज मिळालेल्या वर्षाला ‘चांगलं वर्ष’ आणि फेडीच्या वर्षाला ‘वाईट वर्ष’ समजणारी घरं पुष्कळ आहेत.

उधारीचंही असंच. खत उधारीवर आणलं, तर नोंद माल आणला त्या दिवशी करायची, पैसे चुकते केले त्या दिवशी नव्हे. नाहीतर या पिकाचं खत पुढच्या पिकाच्या नावावर चढतं आणि दोन्ही पिकांचा हिशेब खोटा होतो. यंत्र घेतलं तर त्याची सगळी किंमत एका वर्षाच्या माथी मारायची नाही. ते दहा वर्षं चालणार असेल, तर दरवर्षी त्याचा एक भाग घसारा म्हणून धरायचा. आणि शेतीच्या पैशातून घरासाठी जे काढलं जातं, त्याला ‘घरउचल’ असं वेगळं खातं हवं. लग्नाचा किंवा शाळेच्या फीचा खर्च शेतीच्या तोट्यात दिसता कामा नये.

फळबाग लावणाऱ्यांनी आणखी एक ऐकावं. आंतरराष्ट्रीय लेखामानकांत, म्हणजे हिशेब कसा मांडावा याच्या नियमांत, शेतीसाठी ४१ क्रमांकाचं स्वतंत्र मानक आहे, ते २००३ पासून लागू झालं. त्यात आधी उभी झाडंसुद्धा दरवर्षी बाजारमूल्यानं मोजायला सांगितलं होतं. मग दुरुस्ती झाली, आणि २०१६ पासून वर्षानुवर्षं फळ देणारं झाड हे यंत्रसामग्रीसारखं धरलं जातं. त्यावरचं फळ मात्र वेगळं मोजायचं. छोट्या शेतकऱ्याला ही मानकं पाळायची नसतात, पण यातली कल्पना कामाची आहे. बाग धरेपर्यंतचा खर्च म्हणजे बागेचा तोटा नव्हे. ती बागेची किंमत आहे. पुढं फळ सुरू झालं, की ती थोडी थोडी करून वर्षांवर वाटायची.

जे पैशात येत नाही त्याचं काय? घरचाच चारा घरच्याच जनावरांनी खाल्ला. पैसे कुणी कुणाला दिले नाहीत, म्हणून नोंदच होत नाही. मग दूध फार किफायतशीर वाटतं आणि चाऱ्याचं शेत नुसतं खर्चात दिसतं. तो चारा विकला असता तर वाहतूक वजा जाता जे हाती आलं असतं, त्या भावानं शेताच्या नावे विक्री आणि जनावरांच्या नावे खर्च लिहावा. घरातल्या माणसांचं कष्टाचं काम पैशात लिहिण्याचा आग्रह मी धरत नाही, पण तास लिहावेत. वर्षाअखेरीस कोणत्या पिकानं घरचे किती तास खाल्ले, हे पाहून पुष्कळांचे डोळे उघडतात.

ही काही नव्या काळाची हुशारी नव्हे. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात केटो नावाचा रोमन जमीनदार आणि राजकारणी होऊन गेला. शेतावर आलेल्या मालकानं काय करावं, हे त्यानं लिहून ठेवलं आहे. आधी शेत फिरून बघायचं. मग कारभाऱ्याला बोलावून काय झालं, काय राहिलं ते विचारायचं. कारभारी सांगणार, हवा वाईट होती, माणसं आजारी होती. ते ऐकून घ्यायचं, आणि मग हिशेब मागायचा: रोकड किती, धान्य किती, वैरण किती, दारू आणि तेल किती, विकलं काय, येणं काय राहिलं, शिल्लक काय. केटो माणूस फार कठोर, गुलामांविषयी त्यानं जे लिहिलंय ते आज वाचवत नाही. पण रोकड आणि वैरण एकाच दमात विचारायला तो चुकला नाही.

आता वर्ग कसा घ्यावा त्याविषयी. शेतकऱ्याला स्वतःची बिलं वर्गात आणायला सांगू नये. कुणाचं किती कर्ज आहे, हे शेजाऱ्यानं बघावं असं कुणालाही वाटत नाही, आणि माणसं मग एक तर येत नाहीत किंवा खोटे आकडे घेऊन येतात. त्यापेक्षा शिक्षकानं एक कल्पित शेत रचावं. दोन पिकं, चार जनावरं, एक कर्ज. एका हंगामाच्या बिलांचा गठ्ठा तयार करावा. त्यात एक फाटकं बिल असावं, एकावर तारीख नसावी, एक नुसती हातानं लिहिलेली चिठ्ठी असावी, कारण खरे गठ्ठे असेच असतात. पेरणीपासून विक्रीपर्यंत सगळ्यांनी तोच गठ्ठा नोंदवायचा. उत्तर वेगवेगळं आलं, की का आलं ते शोधायचं. या शोधण्यात जेवढं शिकून होतं तेवढं व्याख्यानात होत नाही.

घरातून दोन माणसं यावीत आणि त्यातलं एक पैशांची पिशवी सांभाळणारं असावं. पुष्कळ घरांत ती बाई असते, आणि वर्गाचं निमंत्रण मात्र पुरुषाच्या नावानं जातं. माउस किंवा फोन शिकणाऱ्याच्याच हातात राहू द्यावा. शिक्षकानं “थांबा, मी करून दाखवतो” म्हटलं, की शिकणं तिथंच संपलं. पेरणी-काढणीच्या दिवसांत वर्ग ठेवू नयेत, हे सांगायला नको; तरी ठेवले जातात.

स्वतःच्या शेताची सुरुवात घरी करायची. ठरलेल्या एका तारखेला आपल्याकडे काय आहे, आपण कुणाचं काय देणं लागतो आणि कुणाकडून काय येणं आहे, याची यादी. या आरंभीच्या शिलका चुकल्या, तर पुढं वर्षभर काहीच जुळत नाही, म्हणून शिक्षकानं इथं एकेका घराला स्वतंत्र वेळ द्यावा. त्यानंतर आठवड्यातला एक दिवस नोंदीचा. मजुरी शेतात दिली, तर त्याच दिवशी खिशातल्या वहीत टिपायची. बिलाचा फोटो लगेच काढायचा, कारण थर्मल कागदावरच्या, म्हणजे उष्णतेनं छापलेल्या पावत्यांची अक्षरं काही महिन्यांत उडू शकतात.

तेरीज, म्हणजे सगळ्या खात्यांच्या जमा आणि नावे बाजूंची बेरीज, जुळली म्हणजे हिशेब बरोबर, असं समजू नये. धान्याचं डिझेल चुकून बागेच्या नावावर टाकलं, तरी तेरीज जुळतेच. म्हणून महिन्यातून एकदा बँकेचं पासबुक, पेटीतली रोकड आणि गोदामातला माल या तिन्हींशी पडद्यावरचे आकडे ताडून पाहावेत, आणि खर्चाला जोडलेली पिकांची नावंही नजरेखालून घालावीत.

आणि मग हंगाम संपल्यावरची बैठक. मी तर म्हणेन, बाकी काही टाळलं तरी ही बैठक टाळू नये. पिकवार अहवाल काढला आणि एका पिकापुढं तोटा दिसला, तर पहिला विचार येतो, हे पीक बंद करू. थांबा. समजा, त्या पिकाची विक्री १०० झाली. त्याचं स्वतःचं बी, खत, मजुरी मिळून ८० लागले. आणि ट्रॅक्टरचा घसारा, जमिनीचं भाडं वगैरे सामाईक खर्चातला त्याच्या वाट्याचा भाग ३०. म्हणजे १० चा तोटा. पीक बंद केलं तर ८० वाचतील, पण ते ३० कुठं जाणार? ट्रॅक्टर तर दारात उभाच आहे. ते ३० उरलेल्या पिकांवर चढतील, विक्रीचे १०० जातील, आणि एकूण शेत २० नं खाली येईल. म्हणजे तोट्यातलं दिसणारं पीक खरं तर २० चा भार उचलत होतं. आता त्याच जमिनीत, तेवढ्याच पाण्यात दुसरं पीक घेतलं आणि त्याचा स्वतःचा खर्च वजा जाता २० पेक्षा जास्त उरत असेल, तर जरूर बदला. हा फरक काढायचा असेल, तर पिकाचा स्वतःचा खर्च आणि सामाईक खर्च सुरुवातीपासून वेगळे लिहिलेले हवेत. पाणी कमी असेल तिथं, स्वतःचा खर्च वजा जाता उरणारा हा आकडा क्षेत्रामागं काढण्याऐवजी पाण्याच्या पाळीमागं काढून बघा, पिकांचा क्रम पार उलटा येऊ शकतो.

कोणतं सॉफ्टवेअर घ्यावं, हा प्रश्न सगळ्यांत आधी विचारला जातो. मी मुद्दाम मागं ठेवला. १९७९ साली व्हिसिकॅल्क हे संगणकावर तक्ते मांडण्याचं सॉफ्टवेअर आलं तेव्हापासून रकान्यांचे तक्ते लोकांच्या हाताशी आहेत, आणि छोट्या शेतासाठी तक्तासुद्धा पहिलं वर्ष चालतो. त्याची अडचण एकच, की एखादा आकडा चुकून पुसला गेला तरी तो तक्रार करत नाही. हिशेबाचं सॉफ्टवेअर घेताना चार गोष्टी बघा. नोंदीला पिकाचं नाव जोडता येतं का? आपल्या भाषेत खात्यांची नावं लिहिता येतात का? नेट नसताना चालतं का? आणि उद्या ते सॉफ्टवेअर सोडायचं ठरवलं, तर आपली सगळी माहिती तक्त्याच्या रूपात बाहेर काढता येते का? चौथ्याचं उत्तर ‘नाही’ असेल, तर फुकट मिळत असलं तरी घेऊ नका.

नमस्कार.