अक्कांच्या मनगटावरचा आठवडा

श्रोतेहो, नमस्कार.

आमच्या शेजारच्या अक्का विड्या वळतात. आपल्या सोलापूरच्या पूर्वभागात हे काही नवल नाही, घरटी एखादी तरी बाई सुपाशी बसलेली दिसते. गेल्या वर्षी मी माझा पावलं मोजणारा पट्टा आठवडाभरासाठी त्यांच्या मनगटावर बांधला. दुसऱ्याच दिवशी दुपारी त्यांनी मला हाक मारली. मांडीवर सूप, सुपात कापलेली पानं आणि तंबाखू, आणि मनगटावर पट्टा थरथरत होता. "हे सारखं ऊठ, चाल म्हणतंय," अक्का म्हणाल्या. "उठले तर हजार विड्या कोण पुऱ्या करणार?"

पहाटे पाचला पाणी भरून, स्वयंपाक उरकून त्या बसल्या होत्या. बोटं क्षणभर थांबलेली नव्हती. तरी पट्ट्याच्या हिशेबी त्या सकाळपासून स्वस्थ होत्या.

हे असं का होतं, ते समजून घेण्यासारखं आहे. एसटीत उभे असताना ड्रायव्हरने ब्रेक मारला की आपण पुढे झुकतो. पट्ट्याच्या आत सिलिकॉनचा एक इवलासा तुकडा असाच झुकत असतो. तितक्याच नाजूक स्प्रिंगांवर तो टांगलेला असतो. हात हलला की तो किंचित मागे राहतो, शेजारच्या स्थिर भागापासूनचं त्याचं अंतर बदलतं आणि तो सूक्ष्म फरक विजेच्या भाषेत मोजला जातो. वर-खाली, पुढे-मागे, डावी-उजवीकडे, अशा तिन्ही दिशांनी. संशोधनातल्या उपकरणांत तर सेकंदाला 100 वेळा. याला त्वरणमापक म्हणतात. आपण चालतो तेव्हा हाताचा झोका एका तालात येतो. तो ताल ओळखून पट्टा पावलं मोजतो. ताल नसला की तो गोंधळतो.

विडी वळताना हलतात ती बोटं. मनगट जवळजवळ जागेवरच. यंत्रमागावरचा कामगार पाळीभर उभा असतो, धागा तुटला की दोन पावलं इकडे, कांडी संपली की तीन पावलं तिकडे. अशी तुटक पावलं पुष्कळ पट्टे सोडूनच देतात. हातगाडी ढकलणाऱ्याचे हात दांड्याला घट्ट धरलेले, तिथेही तेच. काठी टेकत हळू चालणाऱ्या आजोबांची पावलंही कमी भरतात.

आणि ओझं? गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वज निघतात तेव्हा पाहा. बाराबंदी घातलेला एक जण तो उंच, जड ध्वज पेलत चालतो, दुसरा त्याच्या बाजूने रिकाम्या हातांनी. दोघांच्या मनगटांऐवजी कमरेला पट्टे बांधले तर आकडे जवळपास सारखेच येतील. हालचाल दोघांची सारखी, कष्टांत जमीन-अस्मानाचं अंतर. पट्ट्याला कळते ती हालचाल.

मग मोजायचंच कशाला, असं कुणी म्हणेल. मला मात्र हे मोजणं फार मोलाचं वाटतं, आणि त्याचं कारण आपली स्मरणशक्ती आहे. दिवसभरात किती हालचाल करता, असं एखाद्या गृहिणीला विचारा. "मी कुठे काय करते, घरीच असते," हे उत्तर ठरलेलं. उलट, सकाळी दहा मिनिटं फिरून आलेला माणूस अर्धा तास सांगतो. दोघंही खोटं बोलत नाहीत, आठवत तसंच असतं. म्हणून ब्रिटनमध्ये 2013 ते 2015 या काळात 1 लाखाहून जास्त लोकांच्या मनगटांवर 7 दिवस असं उपकरण बांधून नोंदी घेतल्या गेल्या.

त्याआधी संशोधकांना वेगळ्या वाटा शोधाव्या लागत. जेरी मॉरिस या डॉक्टरांनी लंडनच्या दुमजली बसमधले ड्रायव्हर आणि कंडक्टर यांची तुलना केली. तो अभ्यास 1953 साली प्रसिद्ध झाला. दिवसभर जिने चढणाऱ्या-उतरणाऱ्या कंडक्टरांना हृदयाचा आजार कमी, बसून गाडी हाकणाऱ्यांना जास्त. उपकरण नव्हतं, तेव्हा माणसाचं कामच त्यांनी मापासाठी वापरलं.

रोज 10,000 पावलं हवीतच, असं तुम्ही ऐकलं असेल. हा आकडा 1965 साली जपानमध्ये विक्रीला आलेल्या एका पावलं मोजणाऱ्या यंत्रामुळे रूढ झाला. त्या यंत्राच्या नावाचा अर्थच 'दहा हजार पावलं मोजणारं' असा होता. पुढे 2019 साली अमेरिकेतल्या सरासरी 72 वर्षांच्या बायकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात रोज सुमारे 2,700 पावलं चालणाऱ्यांपेक्षा सुमारे 4,400 पावलं चालणाऱ्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण कमी दिसलं, आणि साधारण 7,500 नंतर त्यात आणखी फरक पडला नाही. घरातल्या ज्येष्ठांना हे जरूर सांगा. दहा हजारांच्या धाकाने काही जण बाहेर पडणंच सोडून देतात, ते मी पाहिलेलं आहे. जागतिक आरोग्य संघटनेनेही 2020 साली, व्यायाम सलग दहा मिनिटांचा असेल तरच धरायचा, ही जुनी अट काढून टाकली. आठवड्याला 150 ते 300 मिनिटं मध्यम श्रमाची हालचाल हवी, पण ती तुकड्या-तुकड्यांनी झाली तरी चालते. जिना चढलात, बाजारातून पिशवी उचलून आणलीत, सगळं धरायचं.

तुमच्याकडे असा पट्टा असेल तर एका दिवसाच्या आकड्यावर जाऊ नका. सलग सात दिवस, एकाच मनगटावर बांधा. आणि सोबत एक वही ठेवा. ही वही मला पट्ट्याइतकीच महत्त्वाची वाटते. कोणत्या वेळी काय काम केलं, काय उचललं, किती वेळ बसून होतो, एवढंच लिहायचं.

अक्कांची वही त्यांच्या नातीने लिहिली. आठवडा संपल्यावर आम्ही तिघं मोबाईल घेऊन बसलो. तासातासाच्या पावलांचे खांब दिसत होते. सकाळी बुटके, मग कितीतरी तास सपाट. ते सपाट तास पाहून मला वाईट वाटलं. ऊठ म्हणणारा पट्टा त्यांच्या गुडघ्यांच्या, कमरेच्या बाजूने बरोबरच बोलत होता. पण मजुरी वळलेल्या विडीवर मिळते, उठण्यावर नाही. पाणी प्यायला तरी मधूनमधून उठा, एवढं मी म्हणालो. त्या बरं म्हणाल्या.

रोज एकच खांब उंच होता. अक्कांनी त्यावर बोट ठेवलं. "ही कारखान्याची वाट. विड्या द्यायला जाते ती."

रविवारी तो खांब नव्हता. नातीने वही उघडून वाचलं, "रविवार. आजीने गोधड्या धुतल्या. दोन तास." आम्ही मोबाईलवर ते दोन तास शोधले. तिथे पावलं जवळजवळ नव्हतीच.